आयनांबराचे मोजमाप
(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवानिमित्त मंचेरियल येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



त्र्यंबकेश्वरी उगम पावलेली गोदावरी पैठण आणि नांदेड मागे टाकून मंचेरियलच्या पायाशी येते. तिच्या उत्तर तीरावरील हे गाव कोळशाच्या खाणींच्या टापूतले, काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गावरचे, तेलुगू मुलुखातले. आणि तरीही येथे मराठी वाचली जाते. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातील राजुरा आणि किनवट हे मराठी भाषकांचे भाग मुंबई राज्यात गेले. पुढे २०१६ मध्ये मंचेरियलही आदिलाबादपासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण झाले. भूमीवरील रेषा अशा वारंवार हलल्या. डोक्यावरचे आकाश मात्र अविभक्तच राहिले.

या आकाशाच्या एका थराची मोजदाद १९९४ पासून काही वर्षे एका लहानशा भारतीय उपग्रहाने चिकाटीने केली. त्या नोंदींचे क्षेत्र साधारणपणे ५ ते ३५ अंश उत्तर अक्षांश आणि ६५ ते ९५ अंश पूर्व रेखांश असे होते. त्याचा मध्य काढला तर तो २० अंश उत्तर आणि ८० अंश पूर्व येथे येतो. मंचेरियलचे स्थान १८.९ अंश उत्तर आणि ७९.५ अंश पूर्व. म्हणजे ज्या आकाशाची ही मोजणी झाली त्याच्या जवळजवळ मध्यभागी हे गाव आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय या मोजणीचा आहे. त्यातही मोजणारा आणि मोजली जाणारी वस्तू यांच्यातील अवघड नात्याचा तो अधिक आहे.

ज्या पिढीने लघुलहरींवर रेडिओ सिलोन ऐकले तिला हा थर अपरिचित नाही. समुद्रापलीकडून आलेला तो आवाज सरळ रेषेत येऊच शकत नव्हता, कारण पृथ्वीचा फुगवटा मध्ये आडवा येतो. तो वर जाऊन एका अदृश्य छतावरून परावर्तित होत असे. १९०१ साली मार्कोनीने अटलांटिक महासागरापार बिनतारी संदेश पोहोचविला. त्याचा उलगडा करताना केनेली आणि हेविसाइड यांनी १९०२ मध्ये अशा छताची कल्पना स्वतंत्रपणे मांडली, आणि १९२४ मध्ये अ‍ॅपल्टन यांनी प्रयोगाने त्याचे अस्तित्व सिद्ध केले. हे छत म्हणजेच आयनांबर. सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण उंचावरील विरळ हवेच्या अणूंवर आदळतात, त्यांतून इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि मागे धनभारित आयन उरतात. सुटे इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्या या मिश्रणाला प्लाझ्मा म्हणतात. हे नाव अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये रूढ केले.

प्लाझ्माविषयी दोन प्रश्न प्रथम विचारावे लागतात. एका घन सेंटिमीटरमध्ये इलेक्ट्रॉन किती? ही झाली घनता. आणि ते किती वेगाने धावपळ करीत आहेत? हे झाले तापमान. प्रश्न साधे दिसतात. उत्तरे मिळवावयास शास्त्रज्ञांना अर्धे शतक झगडावे लागले.

जमिनीवरून लहरी वर पाठवून त्यांचा प्रतिध्वनी ऐकण्याची रीत जुनी आहे. परंतु तिला एक मर्यादा आहे. सुमारे तीनशे-चारशे किलोमीटर उंचीवर घनता कमाल असते आणि त्यापुढे ती ओसरत जाते. खालून गेलेली लहर त्या शिखरापर्यंतचेच सांगते. पलीकडचा उतार तिला दिसत नाही. डोंगराच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला मागच्या खोऱ्यातील गाव दिसत नाही, तसाच हा प्रकार. शिवाय अशा प्रतिध्वनीतून घनता कळते, पण इलेक्ट्रॉनचे तापमान कळत नाही. त्यासाठी एक तर फार शक्तिशाली रडार हवे, नाहीतर उपकरण घेऊन प्रत्यक्ष त्या थरातच शिरावयास हवे.

प्रत्यक्ष शिरून मोजण्याची युक्ती लँगम्यूर आणि त्यांचे सहकारी मॉट-स्मिथ यांनी १९२०-३० च्या दशकात, काचेच्या नळीतील विद्युत्स्रावाचा अभ्यास करताना शोधली होती. धातूचा एक लहानसा गोल, तार किंवा चकती प्लाझ्मात ठेवावयाची, तिला बाहेरून कमीअधिक व्होल्टचा दाब द्यावयाचा आणि तिच्यातून किती विद्युतप्रवाह वाहतो ते पाहावयाचे. या उपकरणाला लँगम्यूर प्रोब म्हणतात.

त्यामागील तत्त्व शेतकऱ्याला चटकन समजेल असे आहे. शेताच्या बांधावरून गुरे उड्या मारून आत शिरतात अशी कल्पना करावी. बांध थोडा उंच केला की दुबळी गुरे मागे राहतात, आणखी उंच केला की अंगात बळ असलेलीच तेवढी आत येतात. बांध थोडासाच वाढविताच आत येणाऱ्यांची संख्या झपाट्याने घटली, तर कळप एकंदरीत दुबळा आहे असे समजावे. पुष्कळ वाढविला तरी बरीच गुरे येतच राहिली, तर कळपात जोर आहे. प्रोबला ऋण दाब देणे म्हणजे इलेक्ट्रॉनपुढे बांध घालणे. दाब बदलत गेला असता प्रवाह कोणत्या प्रमाणात घटतो यावरून इलेक्ट्रॉनचे तापमान निघते. आणि बांध पूर्ण उतरविल्यावर एकूण किती प्रवाह येतो यावरून घनता निघते. हेच तत्त्व अधिक काटेकोरपणे वापरणाऱ्या उपकरणात एकामागे एक बारीक जाळ्या बसवितात आणि जाळीच्या दाबाने कण अडवून त्यांची ऊर्जा तपासतात. रिटार्डिंग पोटेन्शियल अ‍ॅनलायझर या नावाने ते ओळखले जाते.

हे बांध किती ठेंगणे असतात हेही ध्यानात घ्यावे. १००० केल्विन तापमानाच्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा व्होल्टच्या मापात सांगावयाची तर ती एका व्होल्टच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरते. हातविजेरीतील एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. म्हणजे अवकाशात, सेकंदाला सात-साडेसात किलोमीटर वेगाने धावणाऱ्या यानावर, व्होल्टच्या शंभराव्या भागाचा हिशेब चोख ठेवावा लागतो.

येथूनच खरी अडचण सुरू होते. उपग्रह हा त्या थरातील अलिप्त साक्षीदार नसतो. इलेक्ट्रॉन हलके आणि चपळ, त्यांचा सरासरी वेग सेकंदाला शेकडो किलोमीटरच्या घरात; आयन जड आणि संथ. त्यामुळे उपग्रहाच्या अंगावर आयनांपेक्षा इलेक्ट्रॉन अधिक आदळतात आणि उपग्रह स्वतःच ऋणभारित होतो. ज्या पातळीला शून्य धरून बांधाची उंची मोजावयाची ती जमीनच अशी वरखाली होते. सौरपट्ट्यांवरील उघडे जोड इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि ही पातळी आणखी बदलते. उपग्रह आयनांहून वेगाने पळत असल्याने, होडीमागे पाण्यात जशी पोकळी उमटते तसा त्याच्या पाठीमागे आयनविरहित पट्टा तयार होतो. प्रोब त्या पट्ट्यात आला तर तो प्लाझ्माची घनता सांगत नाही. तो उपग्रहाची सावली मोजतो.

याहून सूक्ष्म दोष धातूच्या पृष्ठभागाचा. १९६०-७० च्या दशकांत उपग्रहांवरील प्रोबनी दिलेले तापमान आणि जमिनीवरील मोठ्या रडारांनी दिलेले तापमान यांत मेळ बसेना. उपग्रहांचे आकडे चढे येत. दोन्ही पक्षांचे शास्त्रज्ञ तोलामोलाचे होते आणि वाद बराच काळ चालला. या संदर्भात जपानमध्ये को-इचिरो ओयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोबच्या पृष्ठभागाकडे लक्ष वेधले. प्रक्षेपणापूर्वीच्या हाताळणीत धातूवर पाण्याच्या वाफेचा आणि तेलकट द्रव्यांचा डोळ्यांना न दिसणारा लेप बसतो. तो लेप दाबाचा काही भाग स्वतःच गिळतो, त्यामुळे प्रवाहाचा आलेख पसरट होतो आणि इलेक्ट्रॉन आहेत त्याहून उष्ण भासतात. उपाय म्हणून प्रोब निर्वातात तापवून स्वच्छ करावयाचा, काचेच्या कुपीत बंद करावयाचा आणि अवकाशात पोहोचल्यावर कुपी फोडावयाची, अशी पद्धत १९७६ च्या सुमारास पुढे आली. आकाश तेच होते. मळ प्रोबच्या अंगावर होता.

महाराष्ट्राला हा धडा नवा नव्हता. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या ट्रामगाड्या विजेवर चालविण्याचे ठरले, तेव्हा त्या प्रवाहामुळे सूक्ष्म चुंबकीय नोंदी बिघडणार हे वेळीच ओळखले गेले. शहर तर थांबणार नव्हते. म्हणून वेधशाळेनेच स्थलांतर केले. १९०४ साली अलिबागला, चुंबकीय गुण नसलेल्या साहित्याने बांधलेल्या वास्तूत, हे काम सुरू झाले आणि ते आजही चालू आहे. कुलाब्याच्या परंपरेतून १९७१ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वायत्त रूपात उभी राहिली. आपल्या उपकरणाच्या आसपास काय चालले आहे याची आकाशाइतकीच काळजी वाहणे, ही शिस्त अलिबागने फार पूर्वी घालून दिली.

भारतात आयनांबराच्या अभ्यासाला आणखी एक कारण आहे आणि ते भूगोलाचे आहे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. त्यावर दिवसा उंच आकाशात पूर्वेकडे वाहणारा विजेचा एक झोत असतो. त्याच्याशी निगडित विद्युतक्षेत्रामुळे प्लाझ्मा सरळ वर उचलला जातो आणि मग चुंबकीय रेषांवरून दोन्ही बाजूंना उतरतो. एखाद्या कारंजाचे पाणी मध्यावर वर उडून भोवती पडावे तसा. त्यामुळे विषुववृत्तावर घनता कमी आणि सुमारे १५ अंश बाजूला ती अधिक, असा विपरीत देखावा निर्माण होतो. या प्रश्नावर कोलकात्याच्या शिशिरकुमार मित्र यांनी १९४६ मध्येच मूलगामी विचार मांडला होता.

थुंबा हे ठिकाण रॉकेट-प्रक्षेपणासाठी निवडण्यात आले ते याच विषुववृत्तासाठी. विक्रम साराभाईंच्या बरोबरीने ती जागा हेरणाऱ्यांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिले रॉकेट उडाले. पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतील सत्य प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँगम्यूर प्रोब रॉकेटमध्ये बसवून येथील आयनांबराची सूक्ष्म रचना तपासली. परंतु रॉकेट काही मिनिटांत वर जाऊन खाली येते. ऋतू, वर्षे आणि सूर्याचे चढउतार यांची दखल घ्यावयाची तर उपग्रह हवा.

तो मार्ग सुकर नव्हता. एएसएलव्ही या प्रक्षेपकाची १९८७ आणि १९८८ मधील उड्डाणे अपयशी ठरली. २० मे १९९२ च्या तिसऱ्या उड्डाणाने स्रॉस-सी हा उपग्रह कक्षेत नेला खरा, पण ती कक्षा अपेक्षेहून खालची होती आणि दोन महिन्यांच्या आतच उपग्रह वातावरणात शिरून नष्ट झाला. अखेर ४ मे १९९४ रोजी चौथ्या उड्डाणाने स्रॉस-सी-२ श्रीहरिकोट्याहून यशस्वीपणे वर गेला. सव्वाशे किलोंहूनही कमी वजनाच्या या उपग्रहावर गॅमा-किरणांचे स्फोट टिपणारे एक उपकरण होते, आणि दुसरे होते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेने बनविलेले रिटार्डिंग पोटेन्शियल अ‍ॅनलायझर. त्यात इलेक्ट्रॉन आणि आयन यांच्यासाठी निरनिराळे संवेदक होते. कक्षा पुढे सुमारे ४३० ते ६३० किलोमीटर उंचीवर आणण्यात आली. नागपूर आणि मंचेरियल यांच्यातील सरळ अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर. ते हा उपग्रह अर्ध्या मिनिटाहून थोड्याच अधिक वेळात ओलांडीत असे. २००१ साली तो वातावरणात शिरून संपला. तोपर्यंत सूर्याच्या शांत काळापासून २००० सालच्या सुमाराच्या क्षुब्ध काळापर्यंतच्या नोंदी हाती आल्या होत्या.

या नोंदींतील सर्वांत विलक्षण गोष्ट तापमानाची आहे. सामान्य बुद्धी सांगते की आकाश दुपारी सर्वांत उष्ण असावे. पाचशे किलोमीटर उंचीवर तसे नसते. रात्री इलेक्ट्रॉनचे तापमान सुमारे सातशे-आठशे केल्विन असते. सूर्योदयाच्या वेळी ते एक-दोन तासांत झपाट्याने चढून तीन हजारांच्या वर जाते आणि त्यानंतर, सूर्य डोक्यावर येत असतानाच, घसरून हजार ते सोळाशेच्या आसपास स्थिरावते. आयनांबराची सर्वांत उष्ण वेळ दुपारची नव्हे, पहाटेची. पेरूमधील जिकामार्का येथील रडार आणि १९८१ चा जपानी उपग्रह हिनोतोरी यांनीही पहाटेची ही उसळी पाहिली होती. भारतीय आकाशात तिचे ऋतुमान आणि सूर्याच्या क्रियाशीलतेशी असलेले नाते स्रॉस-सी-२ च्या नोंदींमुळे तपशिलाने पाहता आले.

कारण पंक्तीच्या उदाहरणाने समजावे. पहाटे रात्रभरात घटलेले इलेक्ट्रॉन थोडे असतात. पहिले सूर्यकिरण अणूंतून नवे, जोरकस इलेक्ट्रॉन उडवितात आणि ते आपली ऊर्जा या थोड्यांत वाटतात. पंक्तीला पाने थोडी आणि वाढपी उदार, म्हणून प्रत्येकाच्या पानात भरपूर पडते. दिवस वर येतो तशी पाने वाढतात. घनता वाढली की इलेक्ट्रॉन आपली उष्णता आयनांनाही अधिक देऊ लागतात. वाढपी तितकाच उदार असला तरी प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते. तापमान आणि घनता ही दोन मापे बरोबरच का घ्यावी लागतात हे यावरून ध्यानात यावे. एकटे तापमान पाहणाऱ्याला पहाटे सूर्य प्रखर झाल्याचा भास होईल.

तीन हजार केल्विन हा आकडा ऐकून तेथे लोखंड वितळेल असेही कोणी समजू नये. त्या उंचीवर घन सेंटिमीटरला इलेक्ट्रॉन असतात लाखाच्या घरात. जमिनीवरील तेवढ्याच हवेत रेणू असतात सुमारे अडीच कोटी कोटी लाख. कण वेगवान असले तरी इतके विरळ आहेत की त्यांच्या स्पर्शाने बर्फाचा खडाही वितळणार नाही.

या मोजणीचा उपयोग काय, असा प्रश्न रास्त आहे. जगभर वापरले जाणारे आयनांबराचे प्रमाणभूत प्रतिमान पुष्कळ अंशी इतर प्रदेशांतील निरीक्षणांवर उभे होते. भारतीय नोंदींशी ते ताडून पाहिले तेव्हा कित्येक वेळा ते जुळले नाही. कोठे कमी भरले, कोठे जास्त. दुसऱ्या गावच्या पंचांगावरून आपल्या गावचा सूर्योदय काढावा, तसे ते होते. आता विमाने, नौका आणि हातातील दूरध्वनी उपग्रहांकडून आपले स्थान विचारतात. त्या संकेतांना आयनांबरातील इलेक्ट्रॉन विलंब लावतात आणि स्थान काही मीटरांनी चुकू शकते. विषुववृत्ताजवळच्या देशांत ही चूक मोठी आणि चंचल असते. मंचेरियल तर चुंबकीय विषुववृत्तापासून सुमारे दहा अंशांवर, कारंजाच्या उतारावरच वसलेले आहे. विमानांसाठी ही दुरुस्ती पुरविणारी भारताची गगन ही यंत्रणा उभारताना याच आकाशाचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागला.

आणि आता हीच विद्या चंद्रावर पोहोचली आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चा विक्रम हा अवतरक चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरला. त्यावर रंभा-एलपी नावाचा, एक मीटर लांबीच्या दांडीवर बसविलेला पाच सेंटिमीटर व्यासाचा लँगम्यूर प्रोब होता. पहिल्या काही दिवसांतील प्राथमिक निष्कर्ष होता घन सेंटिमीटरला ५ ते ३० इलेक्ट्रॉन. पुढे सविस्तर विश्लेषणानंतर जाहीर झालेला आकडा ३८० ते ६०० असा आहे आणि तापमान ३००० ते ८००० केल्विन. घाईने वाचणाऱ्याला यात विसंगती दिसेल. उपकरणाचा इतिहास जाणणारा मात्र पहिल्या आकड्यासोबतचा 'प्राथमिक' हा शब्द नीट वाचील. लँगम्यूरच्या काचेच्या नळीपासून चंद्राच्या पृष्ठभागापर्यंत रीत एकच आहे. मोजणाऱ्याने प्रथम स्वतःची सावली, स्वतःचा भार आणि स्वतःच्या अंगावरचा लेप ओळखावयाचा, आणि मग आकाशाविषयी बोलावयाचे.

शंभर वर्षे चाललेल्या ग्रंथालयात हे सांगण्याचे औचित्य आहे. स्रॉस-सी-२ ची प्रत्येक नोंद तिची तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश आणि उंची यांसह ठेवलेली आहे. ही पाच मापे गळाली तर तापमानाचा आकडा निरर्थक ठरेल. ग्रंथालयातील दाखल-नोंदवहीचेही तसेच असते. पुस्तक कधी आले, कोठून आले, कोणत्या क्रमांकाने लागले, हे लिहून ठेवणाऱ्याला ते कोण वाचणार हे ठाऊक नसते. अलिबागच्या जुन्या नोंदी आज जे अभ्यासक उलगडून पाहतात, त्यांचा जन्म त्या नोंदी लिहिल्या गेल्या तेव्हा झालेलाही नव्हता. मंचेरियलवरून त्या काही वर्षांत जो उपग्रह गेला, तो खालून कोणाला दिसला नसेल. त्याने लिहून ठेवलेले मात्र वाचावयास मिळते. येथील एखाद्या विद्यार्थ्याने कधी काळी ते उघडून आपल्या गावावरील आकाशाची पहाट काढून पाहावी, एवढी इच्छा या शताब्दीच्या निमित्ताने व्यक्त करणे उचित ठरेल.